उंदीरशेपटीचा अर्क

११ सप्टेंबर

मिळाली! दोन महिने आम्ही शोधत होतो ती वनस्पती आज मिळाली आणि तिचं नाव निघालं उंदीरशेपटी. शेंड्याला बारीक करडा तुरा असतो, हुबेहूब उंदराच्या शेपटीसारखा. एम.फार्म.चं शेवटचं वर्ष, घरातली एवढी शिकलेली पहिली मुलगी, आणि कुणी विचारलं कशावर काम करून राह्यली तर हे सांगायचं. लॅटिन नाव आहे तसं, चांगलं भारदस्त. पण लिहिताना दर वेळी एखादं अक्षर गळतं. इथं उंदीरशेपटीच.

उटनूरच्या पुढे रस्ता संपला तिथं कॉलेजची गाडी लावली आणि दीड तास डोंगर चढलो. माझे गाईड रविकांत सर गुडघ्याला पट्टा बांधून. त्यांच्या पुढे बयनाबाई, तिथल्या वस्तीवरची, साठीची तरी असेल. ती अनवाणी चढायची आणि वर जाऊन आमची वाट पाहत उभी राहायची. चेहऱ्यावर काही नाही. त्यानं जास्त लाज वाटली.

सरांनी ड्रायव्हर डोमाजीला सांगितलं, तेलुगूत विचार, ही डासांवर चालते का. त्यानं विचारलं. बयनाबाईनं सरांकडे पाहिलं, सरांच्या घामाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अवुनु." म्हणजे हो. सरांनी वहीत लिहिलं: पारंपरिक उपयोग — डासनाशक. खाली दोन रेघा मारल्या. मग एका दगडावर बसले ते वीस मिनिटं उठले नाहीत.

एक पोतं भरून आणलं. हाताला अजून वास येतोय. बडीशेपेच्या जवळपासचा, पण जरा झोंबणारा. तीनदा साबण लावला तरी आहे.

१४ सप्टेंबर

गच्चीवर वाळवण. ऊन पडलं की पसरते, ढग आले की गोळा करते. आज अकरा वेळा वर-खाली. गुडीहत्नूरच्या हायवेवरचे ट्रक धूळ उडवतात ती वेगळीच — उंदीरशेपटीत किती टक्के ट्रक आहे ते कुणी तपासावं. खाली दुकानातून बाबा गिऱ्हाइकांना सांगतात, पोरगी वर रिसर्च करून राह्यली. गिऱ्हाइकं वर पाहतात. मी फडकं झटकत असते.

२१ सप्टेंबर

वाळली. मिक्सरमध्ये दळली. आईला वाटलं मिक्सर धुतला असेल. नव्हता. दुपारची शेंगदाण्याची चटणी हिरवी झाली. बाबांनी दोनदा मागून घेतली.

वास मात्र पार गेला. जाऊ दे, वासाला मार्क नाहीत.

४ ऑक्टोबर

दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि लॅबला कुलूप. सर फोनवर म्हणाले, थांबायला वेळ नाही, अर्क घरीच भिजत घाल. अल्कोहोलची बाटली त्यांच्या दस्तखतीवर आधीच मिळाली होती. भांडं? आईची लोणच्याची बरणी. आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. मी देशाचं आरोग्य वगैरे बोलले. आई म्हणाली, देशाचं लोणचं मग कुठे घालू. शेवटी जुनी बरणी मिळाली, कानाशी टवका उडालेली.

रोज वरचा अर्क थोडा काढून पुन्हा बरणीत सोडायचा म्हणजे पाला नीट मुरतो. त्यासाठी दुकानातून बाबांची तेल काढायची नळी घेतली. पारदर्शक, लुसलुशीत, दोन हात लांब. सुटं तेल डब्यातून काढायला असते ती. साबणानं धुतली, उकळत्या पाण्यातून काढली. रोज घालायची-काढायची कटकट नको म्हणून एक टोक बरणीच्या तोंडाशी ठेवलं, उरलेली नळी गुंडाळून अर्कात बुडवली, वर फडकं बांधलं. आता आठ दिवस रोज सकाळी एकदाच उघडायचं, मध्ये बघायचं नाही.

५ ऑक्टोबर

तीनदा बघितलं.

१३ ऑक्टोबर

अर्क गाळला. गर्द हिरवा, काळ्याकडे झुकलेला. इतका देखणा पदार्थ मी माझ्या हातानं पहिल्यांदाच बनवला. भाकरीची शपथ घेऊन सांगते. बरणी पाच वेळा धुतली. आई म्हणते सहावी.

१६ ऑक्टोबर

बाबा जेवताना नळीची तक्रार करत होते. पहिले सापासारखी वळत होती, आता काठी झाली, डब्यात वाकतच नाही म्हणे. मी म्हटलं नवी आणून देते. आणून दिली. जुनी त्यांनी फेकली नाही, दुकानात गोळ्यांच्या बरणीमागे उभी करून ठेवली आहे. उभी राहते, खरंच.

२३ ऑक्टोबर

आज जैविक क्रिया! म्हणजे अर्क जिवंत गोष्टीवर काय करतो ते पाहायचं. जिवंत गोष्ट: डासांच्या अळ्या. मागच्या गल्लीतल्या मारोतरावांच्या टाक्यात भरपूर. मागायला गेले तर त्यांना आधी राग आला, मग अभिमान वाटला. मोठ्या पाहून घे म्हणाले. त्यांची सून गयाबाई गाळणी घेऊन मदतीला आली आणि नंतर ती गाळणी चहाची असल्याचं तिला आठवलं.

लॅबमध्ये कपांत वीस-वीस अळ्या. एका कपात नुसतं पाणी, एकात थेंबभर अल्कोहोल, एकात थेंबभर अर्क. पाण्यातल्या नाचत होत्या. अल्कोहोलमधल्याही नाचत होत्या, जरा जास्तच वाटलं मला. अर्कातल्या संध्याकाळपर्यंत तळाशी. वीसच्या वीस.

सरांनी भिंग घेऊन स्वतः मोजल्या. दोनदा. मग खुर्चीत बसून राहिले. जानेवारीत रिटायर होतायत. चौतीस वर्षं शिकवलं, त्यांच्या हातून असं काही लागलं नाही म्हणाले. घरी येताना बसमध्ये उगाच हसत होते. शेजारच्या बाईनं पर्स पलीकडे घेतली.

८ नोव्हेंबर

हैदराबादच्या लॅबकडून रिपोर्ट. अर्कातले पदार्थ वेगळे करून यंत्र एक आलेख काढतं, जेवढा पदार्थ जास्त तेवढा उंच डोंगर. आपल्या आलेखात एकवीस मिनिटांवर एकच डोंगर, बाकी सगळी उंदरांची बिळं. एकसष्ट टक्के! यंत्रानं नाव दिलं: थॅलिक ॲसिडचं एक एस्टर. सरांनी 'हे तर ओळखीचं' म्हणत टेबलावर हात मारला, दोन टेस्टट्यूब फुटल्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. हाच तो डास मारणारा. डिसेंबरच्या सहा तारखेला हैदराबादला सेमिनार आहे, तिथं सर मांडणार. त्यानंतर माझ्या प्रबंधावर सही.

नेटवर शोधलं. हेच संयुग कितीतरी जणांना कितीतरी झाडांत सापडलंय. शेवाळात सुद्धा. केवढं गुणी संयुग!

११ नोव्हेंबर

पेपरात फोटो. 'डोंगरी वनस्पती ठरणार डासांचा काळ.' सरांचा फोटो मोठा, उंदीरशेपटीचा मध्यम, माझं कोपर. कोपरच फक्त, बाकी मी कापली गेले. आईनं ओळखलं. बाबांनी कात्रण दुकानात साखरेच्या पोत्यावर चिकटवलं. पोतं संपेपर्यंत तरी मी प्रसिद्ध आहे.

१३ नोव्हेंबर

मारोतरावांनी डोमाजीकडून उंदीरशेपटीचा ओला भारा मागवला आणि अंगणात पेटवला. ओला! गल्लीत डास राहिला नाही. माणूसही राहिला नाही. सगळे हायवेवर येऊन डोळे चोळत उभे. मारोतराव खोकत खोकत सांगत होते, गुण आहे.

१५ नोव्हेंबर

उरलेल्या भाऱ्याचा मारोतरावांनी काढा करून प्यायला. रक्तातच औषध असलं म्हणजे डास चावूनच मरतील, असा विचार. कळल्यावर धावत गेले. तासभर समोर बसून नाडी बघितली — मला नाडी बघता येत नाही, मी फक्त मनगट धरून होते. त्यांना काहीच झालं नाही, फक्त ढेकर. खोल, लांब, एकामागून एक. संध्याकाळी भजनाला गेले तर मृदंगवाल्यानं ताल सोडला. पण रात्री भाकरी दोन जास्त खाल्ल्या, असं गयाबाई सांगत होती. चार महिन्यांत एवढं जेवले नव्हते म्हणे.

१७ नोव्हेंबर

आज जे कळलं ते लिहायला नको वाटतंय. लिहिते.

प्रबंधाची प्रस्तावना लिहायला घेतली. संयुगाचे इतर उपयोग, असा एक परिच्छेद लागतो. शोधलं. हे संयुग कारखान्यात टनांनी बनतं. कशासाठी? कडक प्लास्टिक मऊ करण्यासाठी. पारदर्शक नळ्या लुसलुशीत राहतात त्या यानेच. अल्कोहोलमध्ये ठेवल्या तर ते अल्कोहोलमध्ये उतरतं आणि नळी कडक होते.

मी उठून खाली दुकानात गेले. बरणीमागे नळी उभी होती. वाकवून पाहिली. वाकली नाही.

बाबांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं, मी उंदीरशेपटीत तुमची नळी शोधून काढली. एकसष्ट टक्के. बाबांनी नळी हातात घेतली. मग म्हणाले, "मी सांगतलं होतं ना, काठी झाली म्हणून."

सांगितलं होतं. हो.

१८ नोव्हेंबर

कुणाला सांगितलं नाही तर? नळी माझ्या घरातली. माहीत आहे ते मला आणि बाबांना. सर छाती काढून चालतात आजकाल, गुडघ्याचा पट्टा पण लावत नाहीत. सही होईल, नोकरी लागेल. आणि दहा वर्षांनी कुणीतरी शोधता शोधता माझा पेपर उघडेल आणि म्हणेल, केवढं गुणी संयुग.

नव्या नळीचा तुकडा कापून नुसत्या अल्कोहोलमध्ये भिजत घातला आहे. काचेच्या बाटलीत. मूठभर पाला उरला होता, तो दुसऱ्या काचेच्या बाटलीत, नळीशिवाय. बाबांची दुसरी नळी पण गेली.

२२ नोव्हेंबर

आज सरांच्या टेबलावर पाच कप मांडले. पाणी. अल्कोहोल. जुना अर्क. नळीशिवायचा अर्क. आणि नुसती नळी भिजवलेलं अल्कोहोल, ज्यात झाडाचं पानसुद्धा नाही. अळ्या मारोतरावांच्याच. सरांना आधी सगळं सांगितलं. नळीचं, बरणीचं, आठ दिवसांचं.

सरांनी चष्मा काढला. "आता हे काऊन शोधलं तू?"

मी म्हटलं, चुकून.

ते बाहेर गेले नाहीत. कपांसमोर बसून राहिले. मी पण. चार वाजता नळीच्या कपातली पहिली अळी खाली गेली. सहा वाजता सगळ्या. नळीशिवायच्या उंदीरशेपटीतल्या अळ्या मजेत होत्या. एक-दोन तर सकाळपेक्षा जाड दिसत होत्या. सरांना ते दाखवलं तेव्हा त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसू होतं का ते कळलं नाही.

जाताना एवढंच म्हणाले, तिन्ही बाटल्या हैदराबादला पाठव, मी पत्र देतो. सहीचं काही बोलले नाहीत. सेमिनारचंही नाही.

२४ नोव्हेंबर

घरात बसवेना. बाबांनी दुकान बंद केलं — रविवारी! — आणि मोटरसायकल काढली. सोबत स्टीलचा डबा आणि काचेची बरणी, प्लास्टिकचं काही नाही. बाबांनी पाण्याची बाटली पण घरी ठेवली. मी म्हटलं पाण्याला चालते. म्हणाले आता भरोसा नाई.

बयनाबाई दारात बसून तूर निवडत होती. तेलुगू जमेल तशी मी सुरुवात केली. तिनं मला दोन वाक्यं बोलू दिली आणि मराठीत म्हणाली, बसा. दर आठवड्याला बाजारात येते ती, आमच्यासारख्यांकडूनच शिकली. मागच्या वेळी मराठीत कुणी बोललंच नव्हतं तिच्याशी. मी पण नव्हते बोलले.

मग विचारलं, डासांवर चालते म्हणून काऊन सांगितलं?

"तुमच्या सारूले लय धाप लागली होती," ती म्हणाली. "नाई म्हटलं असतं तर अजून वर चढले असते. हो म्हटलं, तर बसले."

बाबा इतके हसले की त्यांना उठून बाजूला जावं लागलं. मी हसायच्या मनःस्थितीत नव्हते आणि तरी हसले.

मग कशावर चालते? पोटावर. पोट फुगलं की ओली पानं चावायची. ढेकर येते, मोकळं होतं, भूक लागते. माणसाला पण, वासराला पण. मी मारोतरावांचं सांगितलं. तिनं मान हलवली, जसं काय यात सांगण्यासारखं काही नाही. महिनाभर आम्ही अळ्या मोजल्या आणि या झाडाची एकच खरी जैविक क्रिया मारोतरावांनी भजनात करून दाखवली.

वाळवून दळलं म्हटल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "वास घालवला मंग तू. वासातच काम हाय तिचं."

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवलंय हे. सुगंधी तेल उडून जातं, उन्हात ठेवू नका. मला मार्क पण होते त्यात.

ओला पाला स्टीलच्या डब्यात घेऊन आलो. या वेळी तिच्या नावासकट सगळं वहीत लिहिलं, ती सांगेल तसं. तिनं वही घेऊन पाहिली. वाचता येत नाही तिला, पण नाव कुठे लिहिलंय ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवून बघत राहिली.

२७ नोव्हेंबर

ओल्या पाल्यातून वाफेनं तेल काढलं. काचेतून काचेत. अर्धा चमचा निघालं, फिकट पिवळं. झाकण उघडलं तर सगळी लॅब डोंगरासारखी झाली. सर दारापर्यंत आले, वास घेतला, परत गेले. पाच दिवसांत माझ्याशी दहा शब्द बोलले असतील. त्यातले तीन 'दार लावून घे'.

प्रबंध पुन्हा पहिल्या पानापासून. मार्चमध्ये जाईल, नाही तर पुढच्या वर्षी. आईला सांगितलं. आई म्हणाली, मग बरणी परत दे.

१ डिसेंबर

बातमी मागे घ्या म्हणून पेपरवाल्यांना फोन केला. म्हणाले अशी जागा नसते पेपरात. मारोतराव मात्र तिसरा भारा मागवून राह्यले. गल्लीत आता रोज जेवणानंतर ओट्यावर तीन-चार म्हातारे बसलेले असतात आणि लांबून ऐकलं तर भांडण चालू आहे असं वाटतं.

४ डिसेंबर

हैदराबादचे रिपोर्ट आले. माझ्या तीन बाटल्या: अर्कात तो डोंगर, नुसत्या नळीत तोच डोंगर, नळीशिवायच्या पाल्यात काहीच नाही. चौथा कागद पण होता. ती बाटली सरांनी मला न सांगता पाठवली होती. पीएच.डी.च्या वेळी, त्र्याण्णव साली, ज्या नळ्यांतून त्यांनी दुसऱ्या एका झाडाचा अर्क काढला होता त्या त्यांनी कपाटात जपून ठेवल्या होत्या. त्या नळ्या भिजवलेलं कोरं अल्कोहोल त्या बाटलीत होतं. एकवीस मिनिटांवर तोच डोंगर. त्याच संयुगावर सर डॉक्टर झालेत.

सेमिनारच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं माझं नाव वर लिहिलं, त्याखाली बयनाबाईचं, शेवटी आपलं, नावाआधीचं 'डॉ.' खोडून. "पहिले दहा मिनिटं माह्या थीसिसवर मी बोलतो," म्हणाले. "मंग तू उठ."